९६ किलोहर्ट्झची फाइल स्पीकर का नाकारतो? एका आकड्याचा आणि एका अरुंद दाराचा इतिहास

समजा, तुमच्याकडे ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची फ्लॅक फाइल आहे. हल्ली अशा फाइल्स विकत मिळतात आणि आमच्यासारख्यांकडे त्या अभिलेखागारांतूनही येतात. जुन्या टेप डिजिटल करताना किमान ४८ आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट वापरा, अशी ध्वनी अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. आता ही फाइल घरातल्या वायरलेस स्पीकरवर वाजवायला घ्या. सोनॉसचा स्पीकर असेल तर ४८ किलोहर्ट्झच्या वरची फाइल तो वाजवतच नाही. ब्लूटूथचा असेल तर वाजवतो, पण फोनने मधल्या मध्ये तिचं काय केलं ते सांगत नाही. म्हणजे एक स्पीकर तोंडावर नाही म्हणतो, दुसरा हो म्हणून गुपचूप कापाकापी करतो. मला पहिला जास्त प्रामाणिक वाटतो, पण ते असो.

यावर नेटवर उपाय ढिगाने सापडतात: अमुक सॉफ्टवेअर घ्या, तमुक बटण दाबा. आपण इथे उपाय शोधत नाही आहोत. आपला प्रश्न असा की ४८ का? ४४.१ का? ब्लूटूथला सीडीइतकाही आवाज का पेलत नव्हता? तंत्रज्ञानाचा इतिहास करायची ज्यांची इच्छा आहे त्यांच्यासाठी हा फार चांगला सराव आहे. कारण आज तुमच्या हातातल्या यंत्रात जी मर्यादा दिसते ती एका वेळी, एका ठिकाणी ठरलेली नसते. वाड्याला जसे वेगवेगळ्या पिढ्यांनी सोपे, पडव्या काढलेल्या असतात तसं हे असतं. प्रत्येक भिंतीचं साल वेगळं.

पहिली भिंत, ४४,१००.

सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. पाठ्यपुस्तकात याचं कारण एका वाक्यात येतं: माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, नमुने त्याच्या दुपटीपेक्षा जास्त हवेत, म्हणून ४४,१००. परीक्षेत हे उत्तर चालेल. पण जरा थांबून बघा, या उत्तराने फक्त ‘४०,००० पेक्षा जास्त’ एवढंच सिद्ध होतं. मग ४२,००० का नाही? ४५,००० का नाही? सिद्धांत खालची हद्द देतो, आकडा देत नाही. आकडा कुठून आला हे बघायचं तर सिद्धांत सोडून कार्यशाळेत जावं लागतं.

१९७० च्या दशकाच्या शेवटी डिजिटल आवाज साठवायचा कशावर हा मोठा प्रश्न होता. सेकंदाला दहा-बारा लाखांहून जास्त बिट लिहू शकेल असं स्वस्त आणि तयार साधन एकच होतं: व्हिडिओ टेप. सोनीने पीसीएम-१६०० सारखी यंत्रं काढली ती आवाजाच्या बिटांचं काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं ‘चित्र’ बनवायची आणि ते व्हिडिओ रेकॉर्डरवर उतरवायची. रेकॉर्डरला वाटायचं आपण टीव्हीचा कार्यक्रमच टेप करतोय. आता टीव्हीचं गणित आलं. अमेरिकी आणि जपानी पद्धतीत सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येक फील्डमध्ये वापरता येण्याजोग्या २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ नमुने. गुणाकार करा: ४४,१००. युरोपी पद्धतीत ५० फील्ड, २९४ ओळी, पुन्हा ३ नमुने. गुणाकार करा: ४४,१००. दोन्ही खंडांतल्या टीव्हीवर चालणारा आकडा! सीडीचे मास्टर पुढे अनेक वर्षं अशाच व्हिडिओ कॅसेटवरून कारखान्यात जात होते. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सीडी बाजारात आली तेव्हा टीव्हीच्या ओळींचा तो हिशोब संगीताच्या आत कायमचा बसला.

याच काळातली दुसरी गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. सीडीत ७४ मिनिटं का, तर बेथोवनची नववी सिंफनी पूर्ण मावावी म्हणून. गोष्ट गोड आहे. पण सीडीवर काम केलेले फिलिप्सचे अभियंते केस इमिंक यांनी नंतर लिहिलेल्या लेखांत वेगळंच चित्र दिसतं. फिलिप्सच्या बाजूने हॅनोव्हरमध्ये ११५ मिलिमीटरच्या तबकड्यांची तयारी झाली होती, सोनीकडे तसा कारखाना नव्हता. व्यास १२० मिलिमीटर ठरला की फिलिप्सची ती आघाडी आपोआप संपत होती. आता इमिंकही एका बाजूचे माणूस आहेत हे विसरू नका. माझा मुद्दा एवढाच, की ज्या कथेत एक थोर संगीतकार आणि एक थोर निर्णय असतो तिथे संशोधकाने कारखाना कुणाचा होता हे आधी विचारावं.

आणि गंमत बघा, नमुन्यांचा दर बदलण्याचं काम, जे आज आपण फाइल ‘कन्व्हर्ट’ करताना करतो, ते सीडीइतकंच जुनं आहे. फिलिप्सच्या पहिल्या सीडी प्लेअरमध्ये १६ बिटचा परिवर्तक नव्हता, १४ बिटचा होता. ती कमतरता भरून काढायला त्यांनी नमुने चौपट करून, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झवर नेऊन, मग आवाजात बदलले. ‘हाय-रेझ’ हा शब्द बाजारात यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही.

४८ किलोहर्ट्झ हा व्यावसायिक स्टुडिओ, प्रसारण आणि पुढे १९८७ च्या डॅट टेपचा दर. ९६ आणि १९२ ही त्याचीच दुप्पट-चौपट, ८८.२ आणि १७६.४ ही ४४.१ ची पोरंबाळं. या दोन घराण्यांचं जमत नाही. ४८ आणि ४४.१ यांचं गुणोत्तर १६० ला १४७ येतं, यापेक्षा सोपं होतच नाही. म्हणून ९६ ची फाइल ४८ वर आणा, ८८.२ ची ४४.१ वर आणा, घराणं बदलू नका, असा सल्ला जुने लोक देतात. आजच्या चांगल्या सॉफ्टवेअरला १४७ आणि १६० चं गणितही नीट जमतं, त्यामुळे या सल्ल्यात आता सोयीचा भाग जास्त आणि गरजेचा कमी आहे.

दुसरी भिंत समजून घ्यायला आवाज लहान कसा करतात ते थोडक्यात बघू. दोन रस्ते आहेत. एकात काहीही फेकायचं नाही: आधीच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज करायचा आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहून ठेवायचं. फ्लॅक हेच करतं. जॉश कोल्सन यांनी त्याची १.० आवृत्ती जुलै २००१ मध्ये काढली. दुसऱ्या रस्त्यावर कानाला जे ऐकू येणार नाही ते फेकायचं: मोठ्या आवाजाच्या आड लपलेला लहान आवाज. एमपीथ्रीचा रस्ता हा. दोन्ही रस्त्यांच्या सुरुवातीला एक भारतीय नाव भेटतं, बिष्णू अटल. लखनौ विद्यापीठ आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथे शिकून ते अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेले. अंदाज बांधून बोलणं लहान करण्याच्या पद्धतीवर त्यांचं आणि मॅनफ्रेड श्रोडर यांचं काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं (जपानात इताकुरा आणि सैतो त्याच सुमारास तिथेच पोचत होते), आणि १९७९ मध्ये श्रोडर, अटल आणि हॉल यांचा लेख आला तो कानाच्या या झाकण्याच्या गुणाचा फायदा घेण्याबद्दल. एकच माणूस, काही न फेकण्याच्या आणि नेमकं फेकण्याच्या, दोन्ही रस्त्यांच्या तोंडाशी उभा. दोघांचंही मूळ टेलिफोनमध्ये होतं, संगीतात नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता ब्लूटूथ. इथे जरा रेंगाळूया, कारण खरा अडथळा इथे आहे.

ब्लूटूथचं काम १९९४ मध्ये स्वीडनच्या लुंड शहरात एरिक्सनने सुरू केलं. हेतू साधा: फोन आणि त्याच्या जोडीची उपकरणं यांच्यामधली वायर काढून टाकायची. संगीत कुणाच्या डोक्यात नव्हतं. १९९९ मध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हा एका दिशेने जास्तीत जास्त ७२३ किलोबिट दर सेकंदाला जायचे. सीडीचा हिशोब करा: ४४,१०० गुणिले १६ बिट गुणिले २ वाहिन्या, म्हणजे १,४११ किलोबिट. दार जेमतेम निम्म्याएवढं. २००३ मध्ये ब्लूटूथवर स्टिरिओ संगीत नेण्याचा नियम ठरला तेव्हा सीडी जशीच्या तशी नेण्याचा प्रश्नच नव्हता. संकोचन हवंच होतं आणि तेही असं की चिमुकल्या, बॅटरीवर चालणाऱ्या हेडफोनमधल्या अशक्त चिपला झेपेल, आणि परवान्याचे पैसेही भरावे लागणार नाहीत.

निवड झाली एसबीसीची. तिचं मूळ फिलिप्सच्या संशोधकांच्या १९९५ च्या कामात आहे. प्रत्येक उपकरणाला ती यावीच लागते, बाकी सगळ्या पद्धती ऐच्छिक. ती कशी काम करते हे एमपीथ्रीशेजारी ठेवलं की चटकन कळतं. ४४.१ किलोहर्ट्झच्या आवाजात ० ते २२,०५० हर्ट्झचा पट्टा असतो. एमपीथ्री त्याचे ५७६ पर्यंत तुकडे करतं, एकेक तुकडा जेमतेम ३८ हर्ट्झचा. एसबीसी फार तर ८ तुकडे करते, एकेक २,७५६ हर्ट्झचा. शिवाय एमपीथ्रीचा एन्कोडर कानाचं मॉडेल वापरून काय झाकलं जाईल ते ठरवतो. एसबीसी मुख्यतः कुठल्या पट्ट्यात किती जोर आहे ते बघून बिट वाटते. एका अर्थी सुरी आणि विळी यांतला फरक. चांगल्या प्रतीसाठी सुचवलेला दर आहे ३२८ किलोबिट. तुमची ९६/२४ ची स्टिरिओ फाइल उघडली की ४,६०८ किलोबिट होते. म्हणजे १४ भागांतला एक भाग त्या दारातून जातो.

पुढे दार रुंद झालं. २००४ च्या आवृत्तीत वेग सुमारे तिप्पट झाला. पण २००३ चा नियम जागेवरच राहिला, कारण जगभरातले हेडफोन तेच बोलत होते. दार मोठं केलं तरी उंबरा जुनाच.

याच्या भोवती इतर पद्धती उगवल्या. त्यातली ॲप्टएक्स मला खास आवडते, कारण ती एका पीएचडीतून निघाली आहे! १९८० च्या दशकात बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात स्टीफन स्मिथ यांनी ती प्रबंधासाठी केली. सीडीचा आवाज ती चारास एक करते. आधी रेडिओ केंद्रांनी वापरली, मग १९९३ मध्ये ‘जुरासिक पार्क’बरोबर चित्रपटगृहांत आलेल्या डीटीएस ध्वनीत ती होती, आणि फार नंतर फोनमध्ये. प्रबंध कपाटात धूळ खातात असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवायला हरकत नाही. सोनीची एलडॅक २०१५ ची, ९९० किलोबिटपर्यंत जाते आणि ९६/२४ ची फाइल आत घेते; पण आत घेते म्हणजे पूर्ण नेते असं नाही. ४,६०८ मधले ९९०. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो.

वाय-फायच्या स्पीकरचा इतिहास वेगळा. तिथे दार अरुंद नव्हतंच. ॲपलने जून २००४ मध्ये एअरपोर्ट एक्सप्रेस आणलं, तेव्हा संगणकावरचं आयट्यून्स कोणतीही फाइल उघडून ॲपल लॉसलेसमध्ये पुन्हा बांधायचं आणि वाय-फायवरून पाठवायचं. काही न फेकता. पण १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ या साच्यात. का? कारण २००४ मध्ये ‘पूर्ण दर्जा’ या शब्दाचा अर्थच सीडी होता. सोनॉसनेही पहिली यंत्रं विकायला सुरुवात केली ती २००५ मध्ये, त्याच समजुतीच्या जगात. त्यांनी २४ बिट स्वीकारले ते २०२० मध्ये, तरी वरची हद्द ४८ किलोहर्ट्झ. ब्लूटूथची हद्द रेडिओने घातली. इथली हद्द सवयीने घातली. परिणाम वापरणाऱ्याला सारखाच दिसतो, कारण मात्र अगदी वेगळं. सिनॉप्सिसमध्ये ‘तांत्रिक मर्यादांमुळे’ असं लिहायची आपल्याला सवय असते ना, ते लिहिण्याआधी ही दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा.

बरं, फाइल उतरवताना नेमकं होतं काय? ९६ वरून ४८ वर यायचं तर एकाआड एक नमुना फेकला की झालं, असं वाटतं. तसं केलं तर घात होतो. मूळ फाइलमध्ये ३० किलोहर्ट्झचा काही आवाज असेल, टेपची शिट्टी म्हणा, तो आपल्याला ऐकू येत नाही. पण नमुने निम्मे केल्यावर तो ४८ वजा ३०, म्हणजे १८ किलोहर्ट्झवर भूत बनून येतो. ऐकू न येणाऱ्या गोष्टीने ऐकू येणारी गोष्ट बिघडवली. म्हणून आधी २४ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गाळायचं, मग फेकायचं. चांगला आणि वाईट कन्व्हर्टर यांच्यातला फरक बहुतेक या गाळणीत असतो.

२४ बिटवरून १६ वर येतानाही असंच. शेवटचे ८ बिट नुसते छाटले तर चूक आवाजाला चिकटते: विरत जाणाऱ्या सुराच्या शेवटी खरखरीत शेपूट उरतं. उपाय उलटा वाटतो, छाटण्याआधी थोडा मुद्दाम गोंगाट मिसळायचा. याला डिदर म्हणतात. चूक मग सुराला चिकटत नाही, मागे मंद, एकसारखी सर उरते आणि तिच्या आतूनही विरणारा सूर ऐकू येत राहतो. ही कल्पना डिजिटल संकेतांत रुजवणाऱ्या सुरुवातीच्या लेखांपैकी एक १९६२ चा, लॉरेन्स रॉबर्ट्स यांचा, आणि तो आवाजावर नव्हे, चित्रांवर आहे. हेच रॉबर्ट्स पुढे अर्पानेटचे, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाचे, एक शिल्पकार झाले. आवाजाच्या क्षेत्रात व्हँडरकॉय आणि लिपशिट्झ यांनी १९८४ मध्ये हे पक्कं मांडलं. स्पीकर २४ बिट घेत असेल तर ही पायरी गाळाच. बिट कमी करायचे नसतील तर डिदरच्या भानगडीत पडायचं कारण नाही. आणि फाइल एमपीथ्री करून मग ब्लूटूथवर पाठवू नका: ती झेरॉक्सची झेरॉक्स होते. मूळ फाइल तर कुठल्याही परिस्थितीत पुसायची नाही. अभिलेखागारातली असेल तर हे वाक्य दोनदा वाचा.

आता सगळ्यात वादाचा प्रश्न: या कापाकापीत ऐकू येण्याजोगं काही गेलं का? २००७ मध्ये मायर आणि मोरन यांनी हाय-रेझ आवाजाच्या वाटेत सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून श्रोत्यांना फरक ओळखायला सांगितलं. ५५४ प्रयत्नांत २७६ बरोबर. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते. वाद मिटला? नाही. काही वाचकांनी दाखवून दिलं की वापरलेल्या तबकड्यांपैकी काहींचं मूळ रेकॉर्डिंगच हाय-रेझ नव्हतं. म्हणजे पेला मोठा, पाणी तेवढंच. मग फरक कसा कळणार? २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांचे, साडेबारा हजारांहून जास्त चाचण्यांचे निकाल एकत्र केले. सरासरी बरोबर उत्तरं ५२.३ टक्के. हा आकडा योगायोगापेक्षा निश्चित वर आहे, आणि तितकाच निश्चित लहान आहे. सराव दिलेल्या श्रोत्यांत तो बराच वाढतो. एकच आकडा दोन्ही बाजू आपापल्या झेंड्यावर लावतात. माझं मत विचाराल तर घरच्या स्पीकरसाठी नीट उतरवलेली ४८ ची फाइल पुरेशी आहे. ९६ ची खरी जागा अभिलेखागारात आहे, जिथे पुढच्या पिढीला त्या आवाजावर काय काम करायचं आहे हे आपल्याला ठरवता येत नाही.

पण या चाचण्यांत मला दुसरंच काहीतरी खटकतं. ‘ऐकू येत नाही’ हे ठरलं ते कुठल्या संगीतावर? जोनाथन स्टर्न यांचं २०१२ चं एमपीथ्रीच्या इतिहासावरचं पुस्तक या प्रश्नासाठी जरूर वाचा. युरोपी प्रसारण संघाची १९८८ ची चाचणी-तबकडी दर्जा तपासायला जगभर वापरली गेली. तिच्यात कॅस्टनेट आहेत, ग्लॉकनश्पील आहे, हार्प्सिकॉर्ड आहे, ॲबाचं गाणंसुद्धा आहे. तंबोरा नाही. यात कुणाचा डाव नव्हता; ज्यांच्या टेबलावर काम चाललं होतं त्यांनी त्यांच्या कपाटातलं संगीत घेतलं. पण तंबोरा हे वाद्य साधं नाही. त्याच्या जवारीमुळे वरचे स्वरांश कसे भरघोस निघतात यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहिलं होतं. आता काळी एकचा पुरुष गायकाचा तंबोरा घ्या. जोडीचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ. त्याचे स्वरांश १३८-१३८ हर्ट्झवर चढत जाणार. एसबीसीचा पहिला पट्टा २,७५६ हर्ट्झपर्यंतचा. म्हणजे षड्जाचे पहिले १९ स्वरांश आणि त्यांच्यात मिसळलेला पंचम, खर्ज, वर गायकाचा गळा, हे सगळं एकाच खणात. त्या खणाला किती बिट मिळतील ते ठरवणारा नियम बोलण्याच्या आणि कॅस्टनेटच्या जगातून आलेला.

त्याने तंबोरा बिघडतो असा दावा मी करत नाही. पण हे तपासायला काय लागेल ते बघा: ९६/२४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेला एक नीट लावलेला तंबोरा, तीच फाइल ४८ वर आणि ४४.१ वर उतरवलेली, एसबीसीतून ३२८ किलोबिटने काढलेली एक प्रत, आणि आंधळी चाचणी द्यायला तयार असे वीस-पंचवीस लोक, ज्यातले निम्मे तरी रोज तंबोरा लावणारे हवेत. मूळ फाइलमध्ये २२ किलोहर्ट्झच्या वर खरंच काही आहे की नाही हे आलेखावर आधी बघून घ्या, नाहीतर मायर-मोरनवर झालेली टीका तुमच्यावरही होईल. प्रयत्नांची संख्या चाचणीच्या आधी ठरवा आणि लिहून गाइडकडे देऊन ठेवा. खोली शांत हवी, पंखा बंद. एमएच्या लघुप्रबंधाला विषय शोधणाऱ्या कुणाला हा घ्यायचा असेल तर खुशाल घ्या.